नेमस्पेसच्या टेस्टमध्ये नुसतं "जोडणी झाली नाही" पाहणं पुरेसं आहे का?

रामबागकर
मंडळी, प्रश्न तांत्रिक आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पोह्यांच्या धाग्यावर सरकावं.

आमच्याकडे (इंदूर, सुपर कॉरिडॉरच्या बाजूला, ऑफिस छोटंच) एका लिनक्स मशीनवर बऱ्याच ग्राहकांचा पसारा चालतो. प्रत्येकाला वेगळी नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनच्या आतलं स्वतंत्र नेटवर्क). एकाचं पॅकेट दुसऱ्याकडे जाता कामा नये, हे तपासणारी स्क्रिप्ट माझ्या गळ्यात पडली आहे. मांडणी साधी आहे: 'अ' आणि 'ब' या दोन ग्राहकांच्या नेमस्पेस, मध्ये राउटरचं काम करणारी 'र', आणि त्यांना जोडणाऱ्या वेथच्या (आभासी केबलच्या) जोड्या. 'अ'कडून आलेल्या पॅकेटसाठी 'र'मध्ये वेगळं राउटिंग टेबल आहे, आणि त्यात 'ब'च्या सबनेटपुढे अनरीचेबल रूट ("इकडे पोचता येत नाही" असं कळवून पॅकेट अडवणारी नोंद) टाकला आहे.

माझ्या लॅपटॉपवर 'अ'मधून कर्ल मारला की क्षणात "नो रूट टू होस्ट" येतं. तीच स्क्रिप्ट सीआयच्या (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या) मशीनवर दोन मिनिटांहून जास्त लटकते आणि मग टाइमआउट होते. आमचे लीड म्हणतात, दोन्हीकडे जोडणी होत नाही ना? मग टेस्ट पास, पुढचं काम घे. मला हे पटत नाहीये, पण का पटत नाही ते धड मांडताही येत नाहीये. तुम्ही अशा टेस्टमध्ये नेमकं काय तपासता?

जिरावन
"जोडणी झाली नाही" असं वाचून मला वाटलं स्थळं बघायचा धागा आहे. तिकडेही तीन प्रकार असतात बरं का: लगेच नकार, महिन्याने नकार आणि नुसतीच शांतता.

सराफा_रात्री_दोन
लीडचं बरोबर आहे भिया. ग्राहक वेगळे ठेवायचे म्हणजे पोचू द्यायचं नाही, बास. एरर कुठली आली याचं काय लोणचं घालायचंय?

मुरारकर
@सराफा, नाही पटलं. 'ब'मधला सर्व्हर चालूच नसेल, वेथचं एक टोक अप करायचं राहिलं असेल, 'अ'मध्ये डीफॉल्ट रूट नसेल, तरीही जोडणी होत नाही. म्हणजे अर्धवट उभारलेल्या मांडणीवरही तुमची टेस्ट हिरवी दिसणार. उद्या कोणी तो अनरीचेबल रूट काढून टाकला आणि त्याच दिवशी 'ब'चा सर्व्हर सुरू झाला नाही, तर कळणार कसं?

आमच्या ग्वाल्हेरच्या टीमचा नियम सरळ आहे. आधी अडथळा न घालता 'अ'पासून 'ब'पर्यंत जोडणी होते हे दाखवा. मग अडथळा घाला आणि ती ठरलेल्या एररनेच तुटते हे दाखवा. मग अडथळा काढून पुन्हा जोडून दाखवा. मधली पायरी एकटी असेल तर मी रिव्ह्यूमध्ये पुढे जाऊ देत नाही.

रामबागकर
@मुरारकर, हेच मला म्हणायचं होतं! पहिली पायरी आमच्या स्क्रिप्टमध्ये नाहीच. पण तरी लॅपटॉप आणि सीआय वेगळे का वागतात?

टेलिप्रिंटर
बाळांनो, मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेला माणूस, नेमस्पेस वगैरे तुमच्या पिढीचं. पण आयसीएमपी, म्हणजे पॅकेट पोचलं नाही तर कारण कळवणाऱ्या निरोपांची पद्धत, आमच्या वेळची आहे. आरएफसी ७९२, सप्टेंबर १९८१, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेलं. लिनक्समध्ये कोणत्या कारणाला काय उत्तर येतं ते एकदा नीट मांडतो, कारण इथे सगळे "एरर" या एकाच शब्दावर भागवताहेत.

राउटरकडे त्या पत्त्याचा रूटच नसेल तर टाइप ३ कोड ०, म्हणजे नेट अनरीचेबल. रूट आहे, पण शेवटच्या टप्प्यावर एआरपीला ("हा पत्ता कोणाचा?" या हाकेला) कोणी ओ देत नाही, तर कोड १, होस्ट अनरीचेबल. हे लगेच येत नाही. कर्नेल सेकंदासेकंदाने तीन वेळा विचारतो, म्हणून साधारण तीन सेकंदांनी येतं. तुम्ही हाताने अनरीचेबल रूट टाकलात तरी कोड १च येतो, पण तत्काळ. प्रोहिबिट रूट टाकलात तर कोड १३, म्हणजे प्रशासकाने मनाई केली आहे. ब्लॅकहोल टाकलात तर काहीच येत नाही. यजमान (होस्ट) जिवंत आहे पण पोर्टवर कोणी बसलेलं नाही, तर यूडीपीला कोड ३ येतो. टीसीपीला मात्र आयसीएमपी येतच नाही, थेट आरएसटी (जोडणी नाकारणारं पॅकेट) येतो. तुमच्या प्रोग्रॅमला "कनेक्शन रिफ्यूज्ड" दिसतं ते यातून.

म्हणून रामबागकर, एकाच कोड १ला दोन कारणं असतात. वेळ मोजल्याशिवाय ती वेगळी ओळखता येत नाहीत.

जिरावन
काका, तुम्ही या धाग्यावर आहात म्हणजे आता चहा टाकूनच बसतो.

पलासिया_ताई
लॅपटॉप आणि सीआयच्या फरकाबद्दल. रामबागकर, तुझ्या लॅपटॉपवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे का? डॉकर सुरू होताना यजमानावर आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्यासाठीची पॅकेट पुढे पाठवणं) १, म्हणजे चालू करतं. आणि नवीन नेमस्पेस बनते तेव्हा आयपीव्ही४च्या या सेटिंग्ज तिच्यात मूळ यजमानाकडून उतरतात, कोऱ्या येत नाहीत. म्हणजे तुझ्या 'र'मध्ये फॉरवर्डिंग न सांगता चालू झालं असणार. सीआयवर डॉकर नसेल तर तिथे ते ० असेल.

पुढची गंमत अशी की फॉरवर्डिंग बंद असलेलं लिनक्स दुसऱ्यासाठीचं पॅकेट गुपचूप टाकून देतं. अनरीचेबल रूट असो नसो, आयसीएमपी पाठवतच नाही. 'अ'ला काहीच कळत नाही आणि टीसीपी एसवायएन (जोडणीची पहिली विनंती) परत परत पाठवत बसतं. डीफॉल्टने सहा पुनर्प्रयत्न, दर वेळी अंतर दुप्पट, एकूण १२७ सेकंदांच्या आसपास. तुझी "दोन मिनिटांहून जास्त" तीच.

खात्री करायची तर 'र'मध्ये एनस्टॅट (नेटवर्कचे काउंटर दाखवणारी कमांड) चालव आणि इन-अॅड्रेस-एरर्सचा काउंटर बघ. दर पॅकेटला एकाने वाढत असेल तर हेच कारण.

रामबागकर
ताई, लॅपटॉपवर डॉकर आहे, सीआयच्या इमेजमध्ये नाही. घरी आलोय, रात्री बघतो.

मांडवी_दरवाजा
बडोद्याहून लिहितोय. आमच्याकडे हाच प्रकार दुसऱ्या रूपात झाला. व्हीएक्सलॅनवर (एका नेटवर्कची पॅकेट दुसऱ्याच्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेण्याची पद्धत) ग्राहकांची नेटवर्कं आहेत. व्हीएक्सलॅनचं वेष्टण ५० बाइट खातं, म्हणून १५००च्या तारेवर आत १४५०च उरतात. पिंग चालायचं, टीसीपीची ओळखपरेडही व्हायची, आणि मोठं पान मागितलं की सगळं थिजायचं. मधल्या फायरवॉलवर कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलं होतं, त्यामुळे "तुकडे करावे लागतील", म्हणजे टाइप ३ कोड ४ हा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोचतच नव्हता. पाथ एमटीयू (वाटेत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटचा आकार) शोधायची १९९०च्या आरएफसी ११९१ची पद्धत सगळी त्या एका निरोपावर उभी आहे.

तेव्हापासून माझा सगळा जोर याच टेस्टवर असतो. 'र' आणि 'ब'मधल्या वेथचा एमटीयू १४०० करा, 'अ'मधून तुकडे-करू-नको लावून १४७२ बाइटचं पिंग मारा (२० आयपीचे आणि ८ आयसीएमपीचे धरून १५००), आणि परत आलेल्या निरोपात १४०० हाच आकडा आहे का ते पाहा.

एक खोच आहे. हे दुसऱ्यांदा मारलं की एरर तीच वाटते, पण ती 'र'कडून आलेली नसते! 'अ'च्या कर्नेलने १४०० लक्षात ठेवलेलं असतं (डीफॉल्ट दहा मिनिटं), आणि पिंग "लोकल एरर, मेसेज टू लाँग" म्हणून जागच्या जागी अडवतं. पॅकेट बाहेर जातच नाही. टेस्टने फक्त १४०० हा आकडा शोधला, तर मधल्या फायरवॉलने आयसीएमपी पुन्हा बंद केलं तरी ती हिरवीच राहील. प्रत्येक फेरीला नेमस्पेस नव्याने बनवा.

गराडू_प्रेमी
@मांडवी_दरवाजा, माझ्या घरच्या ब्रॉडबँडवरही असंच होतं. बाकी सगळं चालतं, फक्त दोन-तीन साइट अर्ध्यात अडकतात. एमटीयूच असेल का?

मांडवी_दरवाजा
पीपीपीओई (ब्रॉडबँडच्या लॉगिनची एक पद्धत) असेल तर तिथे १४९२ असतो. राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंगचा (टीसीपीचे तुकडे आधीच लहान ठेवण्याचा) पर्याय शोधा, बहुतेक सुटेल. नाही सुटलं तर वेगळा धागा काढा, इथे रामबागकरांचं राहून जाईल.

सराफा_रात्री_दोन
मी अजून माझ्या मुद्द्यावर आहे. सुरक्षेच्या दृष्टीने 'ब'कडे जाणाऱ्या पॅकेटला उत्तरच कशाला द्यायचं? ड्रॉप करा. उत्तर दिलं म्हणजे इथे काहीतरी आहे हे सांगितलं. मोठ्या क्लाउडचे सिक्युरिटी ग्रुप नाकारलेलं पॅकेट गुपचूपच टाकतात, ते काय वेडे आहेत?

पलासिया_ताई
बाहेरच्या जगासाठी ड्रॉप करा, वाद नाही. पण आतल्या ग्राहकाच्या प्रोग्रॅमला दोन मिनिटं लटकवून ठेवण्यात काय सुरक्षा आहे? त्याचे थ्रेड अडकतात, त्याची तक्रार आपल्याकडे येते आणि रात्री फोन मला येतो.

शिवाय गप्प बसल्याने माहिती लपते असं नाही. समजा अडवायचं काम 'ब'च्या आतल्या फायरवॉलवर सोपवलं आहे. 'अ'मधून 'ब'च्या सबनेटमधला एकेक पत्ता चाचपला. जिथे यजमान आहे तिथे गप्प किंवा लगेच नकार. जिथे कोणीच नाही तिथे 'र'कडून तीन सेकंदांनी होस्ट अनरीचेबल, टेलिप्रिंटर काकांनी वर लिहिलंय तसं. झाली ना यादी तयार? कोण शेजारी जिवंत आहेत ते 'अ'ला नुसत्या घड्याळावरून कळलं.

म्हणून आमच्या टेस्टमध्ये अस्तित्वात असलेल्या आणि नसलेल्या पत्त्याला तेच उत्तर, तितक्याच वेळात आलं पाहिजे अशी अट आहे. हे 'र'मध्येच अडवलं तर आपोआप जमतं, कारण एआरपीपर्यंत गोष्ट जातच नाही.

सराफा_रात्री_दोन
हं. वेळेचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरी मी ड्रॉपच म्हणेन, पण 'र'मध्ये ड्रॉप.

पलासिया_ताई
चालेल की. मग टेस्टही तशी लिही: ठरलेल्या वेळात काहीही आलं नाही, आणि 'र'मधल्या त्या नियमाचा काउंटर वाढला. काउंटर नाही पाहिला तर शांतता कोणाची आहे हे कळत नाही. सीआयवर आत्ता जी शांतता आहे ती फायरवॉलची नाहीच.

मुरारकर
+१. आणि वेळ मोजणार असाल तर रेट लिमिट विसरू नका. लिनक्स एकाच ठिकाणी जाणारे अनरीचेबल आणि टाइम एक्सीडेड निरोप मोजून पाठवतं. सुरुवातीला पाच-सहा लगेच, मग सेकंदाला एक. शंभर पोर्ट एका झटक्यात तपासले तर पहिल्या काहींना उत्तर, बाकीच्यांना शांतता, आणि तुम्ही बग शोधत बसाल. लूपबॅकवर ही मर्यादा लागत नाही, म्हणून तीच टेस्ट आधी एकाच नेमस्पेसमध्ये लिहून पाहणारे हमखास चकतात. एमटीयूचा कोड ४चा निरोपही या मोजणीतून वगळलेला आहे.

टेस्टपुरतं 'र'मध्ये आयसीएमपी रेटलिमिट ० करता येतं. पण रूटमुळे येणाऱ्या एररवर राउटिंगची आणखी एक मर्यादा असते, त्यामुळे मी सरळ दोन तपासण्यांमध्ये थोडं थांबतो.

नवखी_सुदामानगर
मी शिकतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. पायथनमध्ये यूडीपी सॉकेटने 'ब'च्या बंद पोर्टला पाठवलं, टीसीपीडंपमध्ये (येणारीजाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) पोर्ट अनरीचेबल परत येताना दिसतंय, पण माझ्या प्रोग्रॅमला एररच मिळत नाही.

मुरारकर
सॉकेटवर आधी कनेक्ट करा. न जोडलेल्या यूडीपी सॉकेटला लिनक्स हे निरोप दाखवत नाही (आयपी-रिसीव्ह-एरर पर्याय लावला तरच दाखवतं). कनेक्ट केल्यावर पहिलं पाठवणं यशस्वीच दिसेल, त्याच्या पुढच्या कॉलला "कनेक्शन रिफ्यूज्ड" मिळेल.

नवखी_सुदामानगर
मिळालं! धन्यवाद दादा. मला वाटलं होतं यूडीपीला एरर नसतेच.

टेलिप्रिंटर
मुरारकरांच्या रेट लिमिटवरून आठवलं. २०२० साली रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आणि चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी याच मर्यादेचा उपयोग करून डीएनएसवर हल्ला करून दाखवला होता, सॅड डीएनएस नावाने. कर्नेलची एकूण मर्यादा सेकंदाला १००० निरोपांची आणि एका दमात ५०ची होती. आपण पाठवलेल्या पॅकेटांमुळे ती संपली की नाही यावरून समोरचं कुठलं यूडीपी पोर्ट उघडं आहे ते ओळखायचं! मग कर्नेलवाल्यांनी त्या आकड्यात यादृच्छिक चढउतार घातला.

तुमच्या कामाचा भाग असा की जुन्या कर्नेलमध्ये ही एकूण मर्यादा सगळ्या नेमस्पेसना मिळून एकच होती. शेजारच्या नेमस्पेसमध्ये कोणी निरोपांचा पूर आणला तर तुमचे निरोप अडकतात. म्हणजे टेस्ट समांतर चालवत असाल तर एकीची बाधा दुसरीला. आणि "वेगळं" ठेवलेल्या ग्राहकांमध्येही ही एक फट होतीच की.

सराफा_रात्री_दोन
काका, निवृत्तीनंतर तुम्ही नक्की काय करता?

टेलिप्रिंटर
सकाळी नेहरू पार्कला फेरी, मग वाचन. दुपारी सौ.ची एरर.

लष्करवाला
आम्ही नेमस्पेस सोडून व्हीआरएफवर (एकाच राउटरमध्ये वेगवेगळी राउटिंग टेबलं) गेलो (लिनक्समध्ये ४.३पासून, २०१५). तिथे "एरर आली का" याहून "एरर परत घरी पोचली का" हा प्रश्न मोठा आहे. दोन व्हीआरएफमध्ये मुद्दाम रूट गळती (एकातून दुसऱ्यात जायचा रूट) ठेवली असेल, तर पॅकेट समजा निळ्या व्हीआरएफमधून लालमध्ये जातं, तिथे टीटीएल (पॅकेटला किती टप्पे जाता येईल तो आकडा) संपतो, आणि कर्नेलला निरोप परत पाठवायला रूट शोधावा लागतो. तो लाल टेबलमध्ये शोधला तर मूळ पाठवणारा सापडेलच असं नाही. सापडला नाही तर ट्रेसराउटमध्ये तारे. २०२०मध्ये कर्नेलमध्ये हे दुरुस्त झालं: पॅकेट ज्या इंटरफेसवरून आत आलं त्याच्या टेबलमध्ये शोधायचं. कर्नेलच्या सेल्फटेस्टमध्ये व्हीआरएफ रूट लीकिंग नावाची स्क्रिप्ट आहे. टीटीएल आणि एमटीयू दोन्ही तपासते, जाण्यायेण्याचा मार्ग वेगळा असेल तेव्हाही. रामबागकरांनी नव्याने काही लिहिण्याआधी ती जरूर वाचावी. शेल स्क्रिप्टच आहे, पण ढाच्यासाठी उत्तम.

मांडवी_दरवाजा
@लष्करवाला, मार्ग वेगळे असतील तर आरपी फिल्टरही (पॅकेट योग्य इंटरफेसवरून आलं का ही कर्नेलची तपासणी) बघावा लागतो. सक्त मोडमध्ये, म्हणजे १वर असेल तर परतीचा निरोप उंबऱ्यातच पडतो. "ऑल" आणि त्या इंटरफेसची किंमत यातली मोठी लागू होते, त्यामुळे एकाच ठिकाणी ० करून उपयोग नाही.

जिरावन
एक भाबडा प्रश्न. हे सगळं चालवायला रूट (राउटिंगचा नव्हे, अॅडमिनचे पूर्ण अधिकार) लागतं ना? आमच्याकडे रूट मागितलं तर साहेब जन्मपत्रिका मागतात.

पलासिया_ताई
अनशेअर कमांडने यूझर नेमस्पेस आणि नेटवर्क नेमस्पेस एकदम बनवली तर रूटशिवाय चालतं. उबुंटू २४.०४वर मात्र अॅपआर्मर या सुरक्षा यंत्रणेने हे डीफॉल्टने अडवलंय, तिथे साहेबांना भेटावंच लागेल.

रामबागकर
रात्री बसून पाहिलं. ताई म्हणाल्या तेच निघालं. लॅपटॉपवर फॉरवर्डिंग १, सीआयवर ०, आणि सीआयवर इन-अॅड्रेस-एरर्सचा काउंटर एसवायएनगणिक वाढतोय. म्हणजे सीआयवर आमचा अनरीचेबल रूट कधी तपासलाच गेला नव्हता. तो काढून टाकून चालवली तरीही टेस्ट पास! लीडना हे समोर दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण तिकीट पुन्हा उघडलं.

आता स्क्रिप्ट अशी लिहितोय. 'र'मध्ये फॉरवर्डिंग स्वतः १ करायचं, वारशावर सोडायचं नाही. आधी अडथळ्याशिवाय जोडणी. मग अनरीचेबलऐवजी प्रोहिबिट रूट, कारण कोड १३ दुसऱ्या कशातून अपघाताने येण्याची शक्यता कमी. उत्तर 'र'च्या पत्त्यावरूनच आलं का ते टीसीपीडंपमधून पाहायचं, आणि एका सेकंदाच्या आत आलं पाहिजे. असलेला आणि नसलेला पत्ता दोन्ही. मग रूट काढून पुन्हा जोडणी.

एकच गोष्ट अडली आहे. हेच आयपीव्ही६वर केलं तर पहिलीच पायरी, अडथळ्याशिवायची जोडणी, कधी होते कधी नाही.

मुरारकर
दोन गोष्टी बघ. आयपीव्ही६च्या सेटिंग्ज नवीन नेमस्पेसमध्ये वारशाने येत नाहीत, कोऱ्या येतात, म्हणजे तिथलं फॉरवर्डिंग वेगळं चालू करावं लागतं. पण "कधी होते कधी नाही" यामागे बहुधा डीएडी (दुहेरी पत्त्याची तपासणी) आहे. पत्ता दिल्यावर तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना हे कर्नेल तपासतो, साधारण सेकंदभर, आणि तोवर पत्ता टेंटेटिव्ह असतो, वापरता येत नाही. स्क्रिप्ट त्याआधी पोचली की जोडणी फसते. पत्ता देतानाच नोडॅड लाव.

आणि कोड १३ तिथे शोधू नकोस. आयसीएमपीव्ही६मध्ये मनाईचा निरोप टाइप १ कोड १ आहे.

रामबागकर
नोडॅडने सुटलं. दोन्ही आवृत्त्या सीआयवर टाकल्यात, आयपीव्ही४ हिरवी झाली, सहाची अजून रांगेत आहे.